शिळं माप

नाना, तुमच्या दारावर बसायला आले तेव्हा मी रडले नाही. ओट्यावर चटई टाकली होती, माणसं येत होती, आणि तुमचा मुलगा प्रमोद प्रत्येकाला तीच हकिकत सांगत होता. सकाळचा चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले, शेडबाहेरच्या खाटेवर बसले आणि गेले. भोगलं नाही काही, सुखाचं मरण आलं, असं जो तो म्हणत होता. मी मान हलवत होते आणि मनातून तुमच्यावर चिडले होते. अजून चिडलेलीच आहे. हर्षालीच्या खुर्चीची खालची चौकट झाली, पाठ झाली, बैठकीची फळी तेवढी कापायची राहिली, आणि तुम्ही उठून चालते झालात. शाळा उघडायला तेव्हा जेमतेम तीन आठवडे होते.

गेलेल्या माणसाशी असं बोलू नये म्हणतात. पण सहा वर्षांत आपला भांडणाशिवाय एक मंगळवार गेला नाही. आता एकदम गोड बोलायला लागले तर तुम्हालाच संशय येईल.

पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या हातात कागद होता. मी मूळची धुळ्याची, नोकरीसाठी जळगावात आलेली, नवीकोरी फिजिओथेरपिस्ट. दोन तालुक्यांतल्या अपंग मुलांसाठी मी एकटी. सावद्याला मंगळवारी आणि शुक्रवारी यायचं. शाळेनं मला जी खोली दिली होती तिच्यात एका भिंतीला पोषण आहाराच्या तांदळाची पोती आणि दुसऱ्या भिंतीला मी, माझी चटई आणि एक मोठा बॉल. तांदूळ आले की बॉल बाहेर व्हरांड्यात जायचा आणि पाचवीची पोरं त्यानं खेळायची. एका मुलाला आधारानं उभं करायला लाकडी चौकट हवी होती. तिची मागणी मी तीनदा वर पाठवली आणि तिन्ही वेळा ती कुणाच्या टेबलावर बसली ते कळलं नाही. शेवटी कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. दारांच्या चौकटी करणारे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला फळ्या ठोकून देणारे नाना मिस्त्री. मी मोठ्या हौसेनं चित्र काढून, बाणबिण दाखवून, सगळी मापं टाकून आणली होती. तुम्ही चष्मा लावला, कागद उलटा करून मागे काही आहे का ते पाहिलं, आणि विचारलं, "पोरगं कुठी हाये?"

"पोरगं घरी आहे. मापं लिहिली आहेत ना सगळी."

"मी दाराचं माप बी दार पाहून घेतो, मॅडम. हे तं हालतं पोरगं."

आणि तुम्ही कागदाची घडी घालून माझ्या हातात दिलीत. मला इतका राग आला होता की मी तशीच बस पकडणार होते. पण जाता जाता त्या मुलाच्या घरी डोकावले, तर तुम्ही पत्ता विचारत माझ्या आधी पोचला होतात. जमिनीवर मांडी घालून बसला होतात, खिशातून सुतळी काढली होती, आणि ते पोर ती सुतळी तोंडात घालत होतं.

तुमची ती सुतळी. खुब्यापासून गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंत एक गाठ, गुडघ्यापासून टाचेपर्यंत दुसरी, बसल्या जागेपासून काखेपर्यंत तिसरी. मग मुलाच्या आईकडून त्याच्या जुन्या कपड्याची चिंधी मागून घ्यायची आणि सुतळीच्या टोकाला बांधायची. नाव नाही, गाव नाही, आकडा नाही. काम पुरं होईपर्यंत शेडमध्ये खिळ्यांना अशा सुतळ्या लटकलेल्या असायच्या. मी तुम्हाला वही आणून दिली होती, तिच्यात तुमच्या सुनेनं किराणा लिहायला सुरुवात केली.

त्या वहीवरून आपलं किती वाजलं असेल. मी म्हणायचे, नाना, हे लिहून ठेवा, उद्या दुसऱ्या कुणाला करायचं झालं तर? तुम्ही रंधा चालवत राहायचात. एकदा मात्र थांबून म्हणालात, "वहीत लिव्हलं ना ताई, का मंग माणूस पोराले पाहाले जात नाही. वहीच पाहातो. माप शियं होतं." शिळं होतं, म्हणजे. तुमच्या बोलीत ळ चा य होतो आणि माझ्या अहिराणीत आहे चं शे होतं, आणि भांडण रंगात आलं की आपण दोघंही प्रमाण भाषा सोडून द्यायचो. मी म्हणायचे, "नाना, हाई काय चाली राह्यनं तुमनं?" आणि तुम्ही हसत म्हणायचात, "आली का धुयाची बाई शे-शे करत."

बैठकीची फळी तुम्ही नेहमी शेवटी कापायचात, तीही मूल समोर असताना. आईनं पोराला उचलून शेडमध्ये आणायचं, तुम्ही सुतळी पुन्हा लावून पाहायची, मगच करवत. उन्हातान्हाचं त्या बायांना कशाला बोलावता, माप घेतलंय ना, असं मी कितीदा म्हटलं. मला ते तुमचं नाटक वाटायचं. मिस्त्री लोकांना असतो तसला मान.

आणि तो फोम. बागेतून घड वाहताना केळीला डाग पडू नये म्हणून खाली फोमच्या पट्ट्या घालतात, त्या फाटल्या की बांधावर पडून राहतात. तुम्ही त्या गोळा करून आणायचात, धुऊन वाळवायचात, जुन्या साडीचं कापड चढवून खुर्चीला लावायचात. दोन मांड्यांच्या मधली खुंटी असते ना, पाय एकमेकांवर चढू नयेत म्हणून, तिला तर तुम्ही चार थर लावायचात. मी म्हटलं, इतका कशाला? तुम्ही म्हणालात, "घडाले डाग पडला तं व्यापारी बोंबलतो. पोरीच्या मांडीले पडला तं कोन बोलते?" यावर मी घड्याळ पाहिलं आणि बस गाठायला निघाले. तुम्हाला वाटलं असेल मी ऐकलंच नाही.

आता हर्षालीचं बोलते. ते बोलल्याशिवाय हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

हर्षाली पाच वर्षांची असताना मंगला तिला कडेवर घेऊन माझ्याकडे आली. नवरा-बायको दोघं केळीच्या बागेत राबणारी. पोरीला सेरेब्रल पाल्सी, पाय आवळलेले, बोलणं दोन-तीन शब्दांचं, पण डोळे असे की खोलीत कोण आलं, कोण गेलं, सगळं टिपणारे. चटईवर पाय फाकवून, हात टेकून ती तेव्हा बसायची. तुम्ही तिला पाहिलंत आणि म्हणालात, हिला खुर्ची करू, वर्षभरात ही पोरगी शाळेत बसेल. लाकूडही काढून ठेवलंत, कुठल्या तरी जुन्या दाराचं सागवान.

आणि मी तुम्हाला थांबवलं.

तालुक्याला शिबिर होणार होतं. मोफत साधनं मिळणार होती. अर्जात एक रकाना होता, यापूर्वी कोणतेही साहाय्यक साधन मिळाले आहे काय? तुमची खुर्ची झाली असती तर मला तिथे 'होय' लिहावं लागलं असतं आणि हर्षालीचा अर्ज बाजूला पडला असता. मी तुम्हाला म्हटलं, नाना, दोन महिने दम धरा, चांगली कंपनीची खुर्ची येईल. तुम्ही म्हणालात, "मंग 'नाही' लिव्ह ना. माही खुर्ची म्हंजे साधन थोडीच हाये? फयी हाये ते." मी म्हटलं, खोटं कसं लिहू. तुम्ही लाकूड परत माळ्यावर टाकलंत.

शिबिरात बाहेरगावाहून आलेल्या माणसानं हर्षालीला मंगलाच्या मांडीवरच पाहिलं. वय किती, वजन किती, पुढचा. मी मध्ये तोंड घातलं, की हिला मांडीचं माप लागेल, पाठीचं लागेल. तो म्हणाला, मॅडम, छोटा, मध्यम, मोठा असे तीन प्रकार आहेत. बाहेर दोनशे लेकरं होती, त्याचं तरी काय चुकलं म्हणा. मी पुढच्या मुलाचा कागद काढला. दोन महिन्यांचं वर्ष झालं. खुर्ची आली ती चाकाची, घडीची, मोठ्या माणसाला पुरेल अशी. हर्षालीला तिच्यात बसवलं, गळ्यात हार घातला, फोटो काढला. फोटो काढून होईपर्यंत ती खाली घसरून हनुवटी छातीला टेकली होती. ती खुर्ची आज त्यांच्या ओसरीत आहे, तिच्यावर पाण्याचा जार ठेवतात, आणि मला तो जार पाहून मंगलाला काही बोलायचं तोंड नाही.

त्या वर्षात पोरीचं काय झालं ते मला तुमच्याहून जास्त कळतं, कारण माझं शिक्षणच त्याचं झालंय. नुसतं निजून आणि कडेवर राहून पाय आणखी आवळले. गुडघे सरळ होईनात. पाठीला वाक आला. चटईवर बसायची ती बसेना झाली. मुख्याध्यापक म्हणाले, बसतच नाही तर वर्गात ठेवू कुठे? कायद्यानं ते तिला नाही म्हणू शकत नव्हते हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. तरी मी फॉर्म भरला. घरून शिक्षण. खाली सही माझी. आठवड्यातून एकदा एक बाई जाते, अर्धा तास चित्रं दाखवते आणि रजिस्टरवर मंगलाचा अंगठा घेते. मंगला दहावी पास आहे.

तो फॉर्म तुम्हाला कळला तेव्हा तुम्ही काय बोललात ते मी विसरलेले नाही. "तू बी त्याईच्यातलीच निंघाली." एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले असते. मी पर्स उचलली आणि निघून आले, आणि पुढचे चार मंगळवार तुमच्या शेडवरून न जाता मागच्या गल्लीनं बसस्टँडला गेले.

तुमचं बरोबर होतं, नाना. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. दिवाळीत तुम्हीच आपणहून मंगलाच्या घरी गेलात, हर्षालीची सुतळी घेतलीत आणि मला फोन केलात, "शुक्करवारी येजो, लाकूड काढलं." त्यावर 'चुकलंच माझं' म्हणायला दोन सेकंद लागले असते. मी म्हटलं, "येते, पण चाकं लावायला विसरू नका." असली बाई मी. मग तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दोन महिने रंध्याला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, नंतर ऊन असं तापलं की शेडच्या पत्र्याखाली दुपारी उभं राहवेना. तरी सकाळी सकाळी तुम्ही चौकट केलीत, पाठ केलीत. मी दर वेळी म्हणायचे, उरका हो. तुम्ही म्हणायचात, जूनले बसंन पोरगी.

तुमची गंधमुक्ती झाली, सुतक संपलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी प्रमोदला म्हटलं, शेड उघड. तो अॅल्युमिनियमच्या खिडक्या करतो, लाकडाचं आपल्याला जमत नाही म्हणाला, पण उघडली. तुमची पटाशी जिथे ठेवली होती तिथेच होती. रंध्याच्या सालपटांचा वास होता. खिळ्यांना आठ सुतळ्या. पिवळ्या फ्रॉकची चिंधी हर्षालीची, ती मी ओळखली आणि खाली काढली. मला फार भरून आलं होतं. ती सुतळी मी देवघरातली वस्तू घ्यावी तशी दोन्ही हातांत घेतली होती. फळीवर ताणून धरली, गाठीपाशी पेन्सिलीनं खूण केली आणि प्रमोदला म्हटलं, इथून काप.

मंगला दारात उभी होती, हर्षाली कडेवर. मीच त्यांना बोलावलं होतं, खुर्ची लगेच घरी न्यायला. प्रमोदनं कटर चालू केला तशी ती म्हणाली, "ताई, नानांनी कापायच्या आधी पोरीले बसवलं असतं."

"अगं, माप आहे ना," मी म्हटलं. "नानांच्याच हातचं आहे."

"दिवाईचं हाये ते, ताई. शियं झालं असंन."

प्रमोदनं कटर बंद केला. त्यालाही तुमचा शब्द ओळखू आला असावा. मी सुतळी हातात धरून उभी होते. नाना, मला त्या क्षणी तो शिबिरातला माणूस आठवला. माप आहे ना. मी शिकलेली, दहा ठिकाणी भाषण देणारी, प्रत्येक मुलाची गरज वेगळी असते म्हणून लोकांना ऐकवणारी, आणि मूल समोर कडेवर असताना मी तुमच्या गाठींची पूजा करत होते. तुम्ही असता तर तुम्हीच ती सुतळी माझ्या हातातून ओढून घेतली असती.

हर्षालीला बाकावर घेतलं. मी हात लावला की ती ताठ झाली. पाय कात्रीसारखे एकमेकांवर, मुठी आवळलेल्या, सुतळी कुठे लावायची ते कळेना. सहा वर्षं मी या मुलांचे पाय सोडवतेय, आणि त्या दिवशी मला ते जमेना. मंगला म्हणाली, "कपायावर फुकर मारा. नाना मारत होते." मी वाकून तिच्या कपाळावर फुंकर मारली. ती हसली, आणि हसता हसता सैल पडली. ही युक्ती तुम्ही मला सांगितली नव्हती. सहा वर्षांत मी कधी तुम्हाला माप घेताना नीट पाहिलंही नव्हतं बहुतेक, मी तेव्हा फॉर्म भरत असायचे.

नवी सुतळी घेतली, नव्या गाठी मारल्या. मांडीची गाठ जुन्या गाठीच्या एक बोट पुढे गेली. बोटभराचं काय ते तुम्हाला सांगायला नको. बोटभर आखूड फळीवर मांडी अधांतरी राहिली असती आणि पोरगी आठवडाभरात पुन्हा घसरायला लागली असती, आणि मग सगळ्यांनी म्हटलं असतं की बघा, हिला बसताच येत नाही. मीही कदाचित म्हटलं असतं.

खुर्ची झाली. प्रमोदनं खाच न पाडता सरळ स्क्रू मारले, ते तुम्हाला आवडलं नसतं. खुंटीला फोमचे चार थर मी स्वतः लावले. चाकं लावली.

शाळा उघडली त्या दिवशी हर्षाली पहिलीच्या वर्गात मधल्या सुट्टीपर्यंत बसली. हे वाचून तुम्ही खूश व्हाल, म्हणून पुढचंही सांगते. मुख्याध्यापक म्हणाले, बसली हे चांगलं झालं, पण बाथरूमचं काय? त्या दाराला दोन पायऱ्या आहेत, आणि खुर्ची आत वळत नाही. मधल्या सुट्टीत मंगला बाग सोडून येते, पोरीला उचलून नेते. किती दिवस येईल? ऑफिसात गेले, म्हटलं, घरून शिक्षणाचा तो फॉर्म रद्द करून हिला शाळेत दाखवा. क्लार्क म्हणाला, मॅडम, या वर्षाची माहिती भरून वर गेलीय, आता बदल पुढच्या वर्षी. म्हणजे हर्षाली वर्गात बसलेली आहे आणि कागदावर घरी आहे. अर्ज देऊन आले आहे. उत्तर आलं नाही तर दर शुक्रवारी जाऊन त्याच्या टेबलासमोर बसणार आहे. कागद पाठवून न थांबता स्वतः जाऊन बसायचं, तुमच्याकडून एवढं तरी उचललं.

पण एका गोष्टीत तुमचं चुकलं, नाना, आणि ते मी बोलणारच. तुम्ही हे कुणालाच शिकवलं नाहीत. प्रमोदला नाही, मला नाही. वहीनं माप शिळं होतं हे खरं असेल, पण वही नसली की माणसाबरोबर मूलच हरवतं, त्याचं काय?

हर्षालीची सुतळी काढल्यावर खिळ्यांना सात राहिल्या होत्या. मी त्या टेबलावर मांडल्या आणि चिंध्या पाहत बसले. चार मी ओळखल्या, ती मुलं माझ्याकडे येतात. दोन मंगलानं ओळखल्या, तिच्या माहेरच्या गावची भावंडं, माझ्या यादीत नाहीत. त्यांची आई मला माहीत नव्हती, अपंगत्वाचा दाखला नाही म्हणून ती माझ्याकडे आलीच नव्हती, थेट तुमच्याकडे आली होती. मी रविवारी जाऊन दोघांनाही पाहून आले आणि नवी वही केली आहे. रागावू नका. तिच्यात आकडे लिहिलेले नाहीत, नाव, गाव आणि पुन्हा कधी जायचं तेवढंच लिहिलंय.

सातवी सुतळी कुणालाच ओळखू येईना. लाल चौकड्याच्या शर्टाची चिंधी आहे. गाठी अगदी जवळजवळ, तीनेक वर्षांचं लेकरू असावं. प्रमोद म्हणतो, बाजारच्या दिवशी एक बाई बसनं आली होती, पोर झोळीत होतं, रावेरच्या बाजूची असेल, की यावलची, त्याला सांगता येत नाही. तुम्ही तिला म्हणाला होता म्हणे, फळी कापायची असेल तेव्हा निरोप धाडतो, मग पोराला घेऊन ये.

ती बाई निरोपाची वाट पाहत असेल, नाना. मी चिंधी पर्समध्ये ठेवली आहे आणि बसमध्ये, दवाखान्यात, बाजारात दिसेल त्या बाईला काढून दाखवते. पोर रोज वाढतंय. कुणाचं आहे तेवढं सांगून जायचं होतं.